बूटलोडरमधील डिस्प्ले-मोड विदासंरचना

संगणक सुरू होताना पडद्याची रुंदी व उंची, दर पिक्सेलमागे बिटांची संख्या, रंगांची मांडणी आणि फ्रेमबफरचा (पडद्यावरील चित्र ज्या स्मृतीत साठते तिचा) पत्ता ही माहिती बूटलोडर, म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम, ज्या ठरावीक साच्यात नोंदवतो, ती ही विदासंरचना. रुंदी, उंची व बिटसंख्येच्या अशा एका जुळणीला मोड म्हणतात. ही माहिती फर्मवेअरकडून (यंत्रातच साठवलेल्या, संगणक चालू होताच चालणाऱ्या कार्यक्रमाकडून) घ्यावी लागते आणि विचारायला मिळणारा अवधी थोडा असतो. जुन्या बायोस या फर्मवेअरमधील व्हीबीई ही पडद्याचे मोड हाताळणारी सेवा मुळात रिअल मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या सुरुवातीच्या १६ बिटी अवस्थेत, चालते. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमधील जीओपी ही तेच काम करणारी सेवा बूट सेवांपैकी (फक्त सुरू होण्याच्या काळात मिळणाऱ्या सेवांपैकी) असल्याने त्या संपल्या की तिचा आधार जातो. पुढे कर्नलला (कार्यप्रणालीच्या गाभ्याला) पडद्याविषयी जे कळते, ते बहुतांशी या नोंदीतूनच.

मोडला क्रमांक देण्याची पद्धत आयबीएमच्या बायोसपासून आली. १९८७ च्या व्हीजीएमधील ३२० × २०० पिक्सेल व २५६ रंगांचा हेक्स (सोळा आधाराच्या संख्यापद्धतीतील) १३ हा मोड त्यातलाच. पुढे प्रत्येक चिप उत्पादकाने वरच्या रिझोल्यूशनला स्वतःचे क्रमांक दिले आणि गोंधळ वाढला. त्यावर व्हेसा या संघटनेने सामाईक क्रमांक ठरवले. व्हीबीईच्या पहिल्या आवृत्तीचा काळ सामान्यतः १९८९ च्या सुमारास धरला जातो, १.२ ही आवृत्ती १९९१ ची, २.० ही १९९४ ची व ३.० ही १९९८ ची. आवृत्ती २.० पासून व्हेसाने नवे क्रमांक देणे थांबवले. त्यामुळे क्रमांक पाठ धरण्यापेक्षा प्रत्येक मोडचे वर्णन वाचणे हाच भरवशाचा मार्ग ठरला. लिनक्सच्या ‘व्हीजीए=७९१’ या परिचित पर्यायात मात्र जुनी पद्धत टिकून आहे: १०२४ × ७६८, १६ बिट या मोडचा व्हेसा क्रमांक हेक्स ११७, म्हणजे दशमान २७९, आणि त्यात ५१२ मिळवलेले.

व्हीबीईचा मोड-माहिती खंड २५६ बाइटांचा असतो. त्यात (बाइट शून्यापासून मोजल्यास) १६ व्या स्थानी एका ओळीची बाइटसंख्या, १८ व २० व्या स्थानी रुंदी व उंची, २५ व्या स्थानी बिटांची संख्या आणि ४० व्या स्थानी फ्रेमबफरचा भौतिक पत्ता असतो. सी भाषेत ही संरचना लिहिताना ती ‘पॅक्ड’, म्हणजे क्षेत्रांमध्ये रिकामी जागा न सोडणारी, ठेवणे आवश्यक आहे; एरवी कंपायलर चार-बाइटी क्षेत्र चारच्या पटीतल्या स्थानी नेतो. या खंडातील पहिली चार-बाइटी क्षेत्रे योगायोगाने चारच्या पटीत बसतात, म्हणून चूक लगेच उघड होत नाही. ३.० मधील कमाल पिक्सेल-घड्याळ मात्र ६२ व्या स्थानी येते. पॅकिंग नसल्यास कंपायलर त्याला ६४ वर सरकवतो. सोबतच्या नियंत्रक-माहिती खंडात तर ६ व्या स्थानावरच्या पॉइंटरपासूनच घसरण सुरू होते.

ओळीची लांबी, म्हणजे पिच, ही रुंदी व पिक्सेलच्या बाइटांच्या गुणाकाराइतकीच असेल असे मानणे ही वारंवार दिसणारी चूक. १३६६ पिक्सेलची ओळ स्मृतीत १३७६ पिक्सेलची जागा घेत असेल, तर चार-बाइटी पिक्सेलला पिच ५४६४ ऐवजी ५५०४ बाइट होतो. हा फरक सोडल्यास चित्र तिरके फाटते. रंगांबाबतही १५ की १६ बिट हे नुसत्या बिटसंख्येवरून न ठरवता लाल, हिरव्या व निळ्या रंगांच्या मास्कचे (पिक्सेलमधील त्या रंगाच्या बिटांचे) आकार व स्थाने पाहणे अधिक सुरक्षित.

यूईएफआय २.० (२००६) मधील जीओपीची मोड-माहिती संरचना ३६ बाइटांची आहे आणि तिची सर्व क्षेत्रे चार बाइटी असल्याने वरील अडचण येत नाही. तीत पिच बाइटांत नसून पिक्सेलमध्ये दिलेला असतो. फक्त ‘ब्लिट’ची (फर्मवेअरकरवी चित्राचा तुकडा पडद्यावर उतरवण्याची) सोय असलेल्या पिक्सेल-प्रकारात थेट फ्रेमबफर मिळत नाही; बूटलोडरने असा मोड कर्नलसाठी निवडू नये.

फर्मवेअरची संरचना जशीच्या तशी पुढे द्यावी की स्वतःची तटस्थ संरचना भरावी, याबाबत दोन पद्धती आहेत. मल्टिबूट या बूटलोडर व कर्नल यांच्यातील संकेताच्या पहिल्या आवृत्तीत व्हीबीईचे खंडच पुढे देण्याची तरतूद होती. ग्रब हा बूटलोडर अंतर्गत वापरासाठी रुंदी, उंची, पिच व प्रत्येक रंगाचा मास्क असलेली स्वतंत्र संरचना ठेवतो. फर्मवेअर बदलले तरी चित्र काढणारा भाग बदलावा लागत नाही, म्हणून दुसरी पद्धत अधिक टिकाऊ दिसते. लिनक्सच्या ६४ बाइटी स्क्रीन-इन्फो संरचनेत फ्रेमबफरचा पत्ता ३२ बिटांचाच होता; ४ जीबीच्या वरचे पत्ते आल्यावर त्याचा वरचा अर्धा भाग वेगळ्या क्षेत्रात जोडावा लागला.

एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर बूटलोडर हीच माहिती डिव्हाइस ट्रीमधील (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या विदेतील) ‘सिंपल-फ्रेमबफर’ नोंदीत रुंदी, उंची, स्ट्राइड (म्हणजे पिच) व रंगस्वरूप या गुणधर्मांनी देऊ शकतो.