मिलिमीटरहून बारीक भोक आणि बंद पडलेला जनरेटर

भारनियमनाच्या काळात खानदेशात छोटे पेट्रोल जनरेटर खूप आले. दुकानदारांनी घेतले, मंडपवाल्यांनी घेतले, केळी-कापसावर चार पैसे मिळाले त्या वर्षी शेतकऱ्यांनीही घेतले. दोरी ओढून सुरू करायचे, एकट्या माणसाने उचलून न्यायचे. त्यातले काही पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर टाकायचे असत. पुढे घरोघरी इन्व्हर्टर आले आणि जनरेटर खताच्या पोत्यांमागे जाऊन पडला. घरात लग्न निघालं किंवा कानबाईच्या सणाचे रोट आले की त्याची आठवण होते. धूळ झटकून बाहेर काढतात, दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, तो काही बोलत नाही. मग एक जण म्हणतो कॉइल गेली, दुसरा म्हणतो रिंगा गेल्या, आणि तिसरा नवा कार्बोरेटर आणायला जळगावला निघतो.

एकही पार्ट विकत आणण्याआधी अर्धा तास नुसत्या तपासणीला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या पडून राहिलेल्या इंजिनात बहुतेक वेळा मोडलेलं काहीच नसतं.

इंजिनाला चालायला हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब एवढंच लागतं. यातलं काय कमी पडतंय हे इंजिन स्वतःच सांगतं, फक्त योग्य क्रमाने विचारावं लागतं. सगळ्यात आधी ऑइल बघा. बऱ्याच जनरेटरमध्ये ऑइल कमी झालं की ठिणगीच तोडणारा स्विच असतो. ऑइल थोडं उतरलेलं असतं, आणि लोक ठिणगी पाडणारा प्लग बदलत बसतात.

मग चोक (हवा कमी करणारी झडप) देऊन पाच-सात वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढा. ही एकच परीक्षा निम्मं काम करते. प्लगचं टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल आत पोचतंय, म्हणजे संशय ठिणगीवर. टोक कोरडं ठणठणीत असेल तर ठिणगीच्या मागे लागू नका, पेट्रोलच येत नाहीये.

ठिणगी बघायची तर प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि दोरी ओढावी. प्लगच्या उघड्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, एवढं जपा. हा विजेचा झटका बॅटरीतून येत नाही, या इंजिनांना त्यासाठी बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलजवळून वेगाने जातं तेव्हा कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तिच्यात प्रवाह वाहू लागतो. वाहता प्रवाह नेमक्या क्षणी तुटला की कॉइलच्या दुय्यम गुंडाळीत दहा हजार व्होल्टच्या पुढे विजेचा दाब उभा राहतो आणि प्लगच्या ०.७ ते ०.८ मिलिमीटर फटीत ठिणगी उडते. जुन्या इंजिनात प्रवाह तोडायचं काम फ्लायव्हीलखालचे पॉइंट करतात. पावसाळे काढून त्यांच्यावर गंज चढतो. बारीक काचपेपरचा तुकडा त्यांच्यामधून दोन-तीनदा फिरवला की मेलेली समजलेली कॉइल पुष्कळदा जिवंत निघते.

दाबाची परीक्षा हातालाच कळते. दोरी हळू ओढताना एका जागी ती अडली पाहिजे. अडतच नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढा. आता अडली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. तरीही मोकळीच फिरली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

बहुतेक जुन्या जनरेटरांचं दुखणं मात्र कार्बोरेटरमध्येच, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, सापडतं. पेट्रोल हा एक पदार्थ नाही. साधारण ३५-४० अंशांपासून २०० अंशांच्या आसपासपर्यंत उकळणाऱ्या शेकडो संयुगांचं ते मिश्रण आहे. थंड इंजिन पेटवतात ती त्यातली हलकी संयुगं, आणि पडून राहिल्यावर आधी उडून जातात तीही हीच. मागे उरलेल्यांपैकी काही हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन लांबलचक, चिकट रेणू तयार होतात. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याखाली ठेवलेल्या जनरेटरमध्ये हे सगळं आणखी झपाट्याने घडतं.

पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या खालची वाटी एका बोल्टवर सोडवता येते. वाटीच्या तळाशी पिवळसर तपकिरी थर दिसतो, नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा निघतो, आणि त्याला ताज्या पेट्रोलचा वास नसतो, आंबूस वास असतो. पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिरलं होतं, ते धातूला लागलंय. मधल्या खांबात पितळी जेट असतो, त्याच्या बारीक भोकातून पेट्रोल मापाने जातं. तो काढून उजेडाकडे धरा. भोक स्वच्छ असेल तर गोल, काठ सरळ असलेला प्रकाशाचा ठिपका दिसतो. चिकटा असेल तर ठिपका वेडावाकडा दिसतो, किंवा दिसतच नाही. अमळनेरला एका मिस्तरींकडे मी हे काम बघत बसलो होतो. दोरीला हात लावण्याआधीच त्यांनी प्लग काढला, टोकावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "जेटमा कचरा शे." वाटी उघडल्यावर तसंच निघालं.

छोट्या जनरेटरच्या मुख्य जेटचं भोक ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतं. चिकट्याचा थर बसून ते ०.६ झालं असं समजा. व्यास ०.१ मिलिमीटरनेच घटला, पण क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी घटतं, आणि पेट्रोल जातं ते क्षेत्रफळाच्या हिशेबाने. संथ चालण्यासाठी वेगळा बारीक जेट असतो, त्याचं भोक याहून लहान. म्हणून तिथे सुई किंवा पिन घालणं मला अजिबात मान्य नाही. पोलाद पितळेला खातं, भोक मोठं होतं आणि मग इंजिन कायम काळा धूर सोडतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा झोत पुरे.

साफ केल्यावर इंजिन सुरू होतं, पण आवाज चढतो-उतरतो, चढतो-उतरतो. मिस्तरी याला हंटिंग म्हणतात. मिश्रणात पेट्रोल कमी असलं की वेग पडतो, वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल (मिश्रण आत सोडणारी झडप) उघडतो, वेग वाढतो, गव्हर्नर मिटवतो, आणि हे चक्र थांबत नाही. अर्धा चोक ओढल्यावर आवाज स्थिर झाला तर जेट अजून पुरता मोकळा नाही. इथे आजच्या पेट्रोलचाही वाटा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुना जेट शुद्ध पेट्रोलच्या मापाने पाडलेला आहे, तो तेवढंच इंधन सोडतो, म्हणून मिश्रण थोडं हवेकडे झुकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या-वायसर फुगवतं. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर सगळी टाकी रिकामी करा.

दहा मिनिटं छान चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र काळ्या मातीच्या धुळीने बुजलेलं असतं, आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तोरणमाळला नेलेला जनरेटर कमी जोर देतो, तो बिघाड नाही. तिथे उंची हजार मीटरच्या वर आहे आणि हवा साधारण एक दशांशाने विरळ.

कधी इंजिन झकास चालतं, पण बल्ब लागत नाही. वीज तयार करायला फिरणाऱ्या भागात चुंबकत्व हवं, आणि ते टिकवायला लागणारी वीज यंत्र स्वतःच तयार करतं. सुरुवात होते ती लोखंडात उरलेल्या अगदी क्षीण चुंबकत्वावर. वर्षानुवर्षे पडून ते विरलं की यंत्राला सुरुवातच मिळत नाही. ब्रशवाल्या जनरेटरमध्ये जाणकार मिस्तरी १२ व्होल्टच्या बॅटरीने क्षणभर प्रवाह देऊन ते परत जागवतात. काही जनरेटरमध्ये हे काम कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, चालतं. तो बंद यंत्रातही झटका देऊ शकतो, तेव्हा माहिती नसेल तर उघडू नका. व्होल्टेज कमी आहे म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळणं तर सर्वांत वाईट. अशा बहुतेक जनरेटरमध्ये मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे ५० हर्ट्झ, हे गणित पक्कं आहे. वेग वाढवला की व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही चढतात आणि घरातली उपकरणं जळतात.

दुरुस्तीनंतरची चाचणी उघड्या अंगणातच घ्या. धाब्याच्या घराच्या ओसरीत नको, पाऊस असला तरी नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. माणूस झोपेतच जातो. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खुपसून सगळं घर उजळवणंही तितकंच घातक. ती वीज मीटरमधून तारांवर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी चढते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेते. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवल्याशिवाय घराला जोडू नका.

काम झालं की इंजिन स्विचने बंद करू नका. पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. रॉकेलवर चालणारा असेल तर थांबवण्याआधी काही मिनिटं पेट्रोलवर आणा, नाहीतर पुढच्या वेळी थंड इंजिनात रॉकेल पेटणार नाही. टाकी रिकामी करून झाकण लावा, आणि मगच त्याच्यावर पोतं टाका.