खळग्यापुरता उष्ण कटिबंध

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत, त्यांना दगडाला पडलेल्या भोकांचं फारसं नवल वाटायचं नाही. तिथला बेसाल्ट पाण्यासोबत गरगरणाऱ्या गोट्यांनी कोरलाय. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, मायामीच्या आसपासच्या जमिनीतही असेच खळगे आहेत, पण त्यात गोट्यांचा हात नाही. हा खडक चुन्याचा. सव्वा लाख वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी खसखशीएवढे गोल कण साठले, एकमेकांना चिकटले आणि त्याचा खडक झाला. पावसाचं पाणी हवेतला आणि कुजक्या पाचोळ्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हा चुना विरघळवत खाली जातं. काही खळगे मुठीएवढे, काहींत माणूस सहज उतरेल.

अशा खळग्यात डोकं घालून, टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर सावलीतल्या भिंतीवर हिरवा पोपडा दिसतो. शेवाळ म्हणून दहातले नऊ जण तिथूनच उठतील. दहाव्यानं भिंग लावावं. दोऱ्यासारख्या खोडावर पानांच्या चार रांगा दिसतील: दोन रांगा बाजूंना पसरलेल्या, दोन वरच्या अंगाला चिकटलेल्या आणि त्याहून बारीक. मोठं पानही मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं. हे सेलाजिनेला ईटोनी. नेच्यांचे अभ्यासक ईटन यांच्या नावावरून पडलेलं हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन स्मॉल यांनी १९१८ साली छापून रूढ केलं.

इंग्रजीत या गणाला स्पाइकमॉस म्हणतात, तिथेच घोळ होतो. हे शेवाळ नव्हे. याच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, शेवाळात त्या नसतात. हे नेचेही नव्हे. याच्या घराण्यानं बाकीच्या नळीवाल्या वनस्पतींपासून चाळीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी चूल मांडली. त्याच घराण्यातले तीस मीटर उंचीचे वृक्ष युरोप-अमेरिकेच्या दलदलीत गाडले गेले आणि त्यांचा कोळसा झाला. (आपल्या चंद्रपूरचा कोळसा मात्र वेगळ्या, ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांचा.) सेलाजिनेलाच्या आज सातशेच्या वर जाती आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या दरडींवर, सावलीच्या बाजूला, त्यांतल्या काही आपणही पाहतो आणि नेचे समजून पुढे जातो.

ईटोनी खळग्यालाच का धरून बसते, याचं एक उत्तर तिच्या संसारात आहे. सेलाजिनेलाला फूल नाही, बी नाही. फांदीच्या टोकाला बीजाणूंची बारीक तुऱ्यासारखी कणसं येतात. त्यांतल्या काही पिशव्यांत बहुधा चारच मोठे, मादी बीजाणू. बाकीच्यांत शेकड्यांनी बारीक, नर. दोन्ही जवळजवळ पडायला हवेत, आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहत जायचं असतं. तेवढ्यासाठी खडकावर पाण्याचा एक पापुद्रा लागतो. तो नसेल तर फलन नाही.

दुसरं उत्तर नकाशात. मायामी कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, आपल्या नागपूरच्याच नव्हे, पाटण्याच्याही किंचित वर. १९ जानेवारी १९७७ ला तिथे चक्क बर्फाची भुरभुर झाली होती. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली की उघड्या रानातल्या नाजूक पानांचं काय होत असेल, ते द्राक्षबागायतदारांना विचारा. खळग्यात मात्र खालच्या भूजलाची ऊब आणि ओल टिकते. सावली आहे, वारा लागत नाही. उष्ण कटिबंध संपतो तिथे या खळग्यांनी त्याचे छोटे तुकडे राखून ठेवलेत. ईटोनी त्याच तुकड्यांतली. याशिवाय तिची नोंद आहे ती समुद्रापलीकडच्या बहामा बेटांवर, आणि तिथलाही खडक चुन्याचाच.

फ्लोरिडा राज्यानं तिला संकटग्रस्त ठरवलंय. कारण शोधायला लांब जायला नको. खडकावर उगवलेलं पाइनचं रान एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाबाहेर मायामी-डेड काउंटीत मूळच्या सुमारे २ टक्केच उरलंय. बाकीच्यावर घरं, शेतं, मॉलचे वाहनतळ. खळगे बुजवणं तर सर्वांत सोपं, एक ट्रक भराव पुरतो.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते न बुजवलेल्या खळग्यांचं प्रकरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एव्हरग्लेड्सची दलदल आटवून जमीन काढायची म्हणून कालवे खणले गेले आणि भूजलाची पातळी खाली गेली. ज्या खळग्यांच्या तळाशी पाणी उभं असायचं, त्यांतले बरेच कोरडे पडले. कुटुंबातल्या संजीवनीसारख्या काही जाती वाळून गोळा होतात आणि पाणी मिळताच पुन्हा उलगडतात. बहुतेक जातींना ती विद्या अवगत नाही. आज अशा राखीव तुकड्याभोवती कुंपण आहे, पाटी आहे, झाड तोडायला बंदी आहे. आत खळगा जिथल्या तिथे, सावलीही तशीच. भिंतीवरून बोट फिरवावं तर बोटाला चुन्याची पांढरी भुकटी लागते.