पार्श्वभूमी: खासगी शाळांतले क्लब कोणाच्या तासात, कोणाच्या पैशांत?

जून उजाडला की खासगी शाळांतल्या पालकांच्या मोबाइलवर क्लबनोंदणीची सूचना येते. रोबोटिक्स, अबॅकस, तायक्वांदो, कीबोर्ड, पब्लिक स्पीकिंग, नाट्य, बुद्धिबळ. जागा मर्यादित, शेवटची तारीख अमुक, पैसे अॅपवरून भरा. वर्षाची फी भरून झालेली असते आणि हे पैसे त्यात धरलेले नसतात. सूचनेत एक शब्द हमखास असतो: ऐच्छिक. गेल्या दहा-बारा वर्षांत पालक आणि शाळा यांच्यात फीवरून जे वाद झाले, त्यांतले बरेच या शब्दापाशी येऊन अडतात. शाळेतली गाणी, खेळ, वक्तृत्व, विज्ञान मंडळ हे सगळे मुख्य फीच्या बाहेर कसे गेले, हे पाहिल्याशिवाय आजचा वाद नीट कळत नाही.

फार मागे जायची गरज नाही. 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि त्यानंतर संस्थांच्या खासगी शाळा गावोगावी उभ्या राहिल्या. स्नेहसंमेलन, वक्तृत्व, हस्तलिखित, लेझीम आणि मल्लखांब या शाळांनी आपल्या घरचेच मानले. त्यासाठी वेगळा शिक्षक बहुधा नसे. मराठीचे सर नाटक बसवत, भूगोलाच्या बाई सहल काढत, चित्रकलेचे सर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घेत. त्या थांबण्याचे पैसे कोणी मागितले नाहीत, कोणी दिलेही नाहीत. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने ही रीत कागदावर आणली. असे उपक्रम शाळेच्या शिक्षणाचाच भाग आहेत आणि प्रत्येक शिक्षकाने त्यांना ठरावीक वेळ द्यावा, अशी त्याची शिफारस होती. स्काउट चळवळीला राज्याने पैसे द्यावेत, हेही त्यात होते. 1964-66 च्या आयोगाने कार्यानुभव आणला आणि तो वेळापत्रकात तासिका म्हणून बसला. खडू, मेणबत्त्या, फाइली, शिवणकाम यांची आठवण आज पन्नाशीत असलेल्या कोणालाही असेल.

याचा खर्च निघे तो सत्र शुल्कातून. अनुदानित शाळेची जुनी पावती कोणाच्या घरी शिल्लक असेल तर ती एकदा पाहावी. शिकवणी शुल्काच्या खाली सत्र शुल्काची ओळ असते, वर्षातून दोनदा, साधारण एका महिन्याच्या शिकवणी शुल्काएवढी. खेळाचे साहित्य, वाचनालय, वार्षिक अंक, स्पर्धांचा प्रवास, संमेलन, बक्षिसे हे सारे या ओळीतून भागवायचे, असे माध्यमिक शाळा संहितेत आहे. रक्कम लहान होती, पण सगळ्यांकडून सारखी घेतली जाई आणि सगळ्यांवर खर्च होई. नाटकात काम करणारा आणि नाटक बघणारा, दोघांची पावती एकच. या व्यवस्थेत उणिवा भरपूर होत्या. वर्षानुवर्षे तीच दहा मुले स्टेजवर दिसत, मुलींना मैदान क्वचित मिळे. पण पैसे भरले नाहीत म्हणून एखादे मूल उपक्रमाबाहेर राहिले, असे तिच्या रचनेतच होत नव्हते.

पुढे दोन गोष्टी एकामागून एक घडल्या. पहिली शाळांच्या रचनेतली. विनाअनुदानाचे धोरण आधी व्यावसायिक महाविद्यालयांत आले, मग शाळांत मुरले. 'कायम विनाअनुदानित', म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मागण्याच्या अटीवरची शाळा, हा प्रकार रूढ झाला, 2009 मध्ये त्यातला 'कायम' काढला गेला आणि 2012 मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा वेगळा कायदा झाला. दरम्यान 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने खासगी विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक दिली. नफेखोरी नको, पण विस्तारासाठी वाजवी शिल्लक चालेल, अशी ती रेषा होती. पगार, इमारत, मैदान सगळे फीतूनच निघणार म्हटल्यावर प्रत्येक तासाचा हिशेब मांडला जाऊ लागला. नाटक बसवणारे मराठीचे सर या हिशेबात महाग पडतात. त्यांच्याकडून आणखी दोन वर्गांचे तास घेणे स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट मूल्यमापनातली. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू 2010 पासून. त्यात मुलाच्या सर्वांगीण विकासाचा आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह आहे. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत त्याच सुमारास प्रगतिपुस्तकावर उपक्रमांच्या श्रेणी आल्या आणि शाळांना दाखवायला क्लब हवे झाले. केंद्रीय मंडळाने ही पद्धत 2017 मध्ये गुंडाळली, पण तोवर लागलेली क्लबांची सवय राहिली. राज्य मंडळाच्या शाळांत ओढ निराळी होती. खेळाडूंना वाढीव गुण आधीपासून होते, त्यांत कलांची भर पडली. 2017 च्या दहावीच्या निकालात 193 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यात या वाढीव गुणांचा वाटा होता. नंतर हे गुण कमी केले गेले आणि इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला 7 गुण राहिले. तरी अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्यावर कॉलेज हुकते हे ज्या पालकाने पाहिले आहे, तो चित्रकलेच्या वर्गाला पैसे द्यायला मागेपुढे पाहत नाही.

त्यात रोबोटिक्सची भर पडली. 2016 पासून केंद्राच्या योजनेतून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या प्रयोगशाळेसाठी, 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, खासगी शाळांनाही. ज्यांना मिळाले नाही त्यांच्या दारात कंपन्या आल्या. लॅब आम्ही बसवतो, शिक्षक आमचा, किट आमचे, पैसे मुलामागे. शाळेला गुंतवणूक नाही आणि माहितीपत्रकावर लॅबचा फोटो. करसल्लागारांनी यात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. शाळा मुलांकडून घेते त्या शुल्कावर जीएसटी नाही, पण कंपनीने शाळेला लावलेल्या अशा बिलावर 18 टक्के लागतो आणि तो शाळेला कुठून वळता करून घेता येत नाही. म्हणजे बाहेरून आणलेला तास हा शाळेच्या स्वतःच्या शिक्षकाच्या तासापेक्षा करापुरता महागच. तरीही तोच वाढला, कारण त्याचे पैसे शाळेच्या खिशातून जात नाहीत.

इथून 'ऐच्छिक' सुरू होते, आणि मुख्य प्रश्न हा आहे की अशा क्लबाचे पैसे ही फी आहे की नाही.

फी असेल तर ती राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याखाली येते. हा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2014 मध्ये लागू झाला, त्याचे नियम 2016 चे. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायची, आणि व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव किमान सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा. मंजूर झालेले शुल्क दोन वर्षे बांधलेले. जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सत्र शुल्क हे घटक या हिशेबात येतात. मग रोबोटिक्सचे पैसे याच्या बाहेर कसे? शाळा म्हणतात, ही शाळेची फी नव्हे, बाहेरच्या संस्थेची आहे. आम्ही फक्त खोली देतो आणि पैसे गोळा करून देतो. ज्याला नको त्याने घेऊ नये.

हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. किटचा खर्च खरा असतो. तो मुख्य फीत घातला तर ज्या मुलाला रोबोटिक्समध्ये रस नाही त्याच्या पालकानेही तो का भरायचा, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय फी वाढवली की आंदोलन होते आणि क्लब काढला की होत नाही, हा व्यवस्थापनांचा अनुभव आहे.

पण या महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा आहे. ठरलेल्या किंवा मंजूर शुल्काहून जास्त घेतलेली रक्कम, तिला नाव काहीही दिले तरी, त्यात येते. नाव बदलून रक्कम सुटू नये म्हणूनच ते शब्द घातलेले आहेत. पावती शाळेच्या अॅपवर, तास शाळेच्या इमारतीत, नोंद शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, आणि पैसे तेवढे शाळेचे नाहीत, असे म्हणता येईल का? माझ्या मते नाही. क्लब खरोखर ऐच्छिक आहे की नाही हे ओळखायला एक साधी खूण आहे: तो कधी भरतो. शाळा सुटल्यावर भरत असेल तर निदान वाद घालायला जागा आहे. पण तो वेळापत्रकातल्या तासिकेत भरत असेल तर वर्गाचे दोन भाग होतात. नोंदणी झालेली मुले रांगेने लॅबकडे जातात, उरलेली वाचनालयात बसतात आणि त्याला 'सेल्फ स्टडी' म्हणतात. सहावीतल्या मुलाला त्या चाळीस मिनिटांत काय कळायचे ते कळते.

वाचनालयात बसणाऱ्यांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांवर आलेली मुले जास्त असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 12 खाली आलेल्या या मुलांची फी सरकार शाळेला देते. महाराष्ट्रात हा दर मुलामागे वर्षाला 17,670 रुपये होता, कोरोनाकाळात तो 8,000 वर आणला गेला. थकबाकी वर्षानुवर्षे राहते, ही शाळांची तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे सरकारने पाठ फिरवली आहे. पण त्याचा भार मुलावर टाकता येत नाही, कारण नियम याबाबत स्पष्ट आहेत. त्या कायद्याच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत या मुलांशी कोणत्या बाबींत भेदभाव करायचा नाही त्यांची यादीच आहे: पाठ्यपुस्तके, गणवेश, वाचनालय, संगणक सुविधा, अभ्यासेतर उपक्रम आणि खेळ. उपक्रम त्या यादीत नाव घेऊन आहेत. असे असूनही 'ऐच्छिक' म्हटले की हा नियम लागू नाही, असे सर्रास धरले जाते. फीच्या वादात मध्यमवर्गीय पालकांचा आवाज मोठा असतो म्हणून चर्चा किती रुपये याचीच होते. मला मात्र या वादातली सगळ्यात गंभीर बाब ही वाटते.

कोरोनात हा प्रश्न एकदम उघड्यावर आला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, फी मात्र पूर्ण मागितली गेली, क्लबांसकट. त्या मे महिन्यात राज्याने फीवाढ रोखणारा निर्णय काढला आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिकडे राजस्थानात केंद्रीय मंडळाच्या शाळांनी शिकवणी शुल्काच्या 70 टक्के आणि राज्य मंडळाच्या शाळांनी 60 टक्केच घ्यावे, असा सरकारी आदेश निघाला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 3 मे 2021 च्या निकालात न्यायालयाने ते आदेश टिकवले नाहीत. पण न वापरलेल्या सुविधांपोटी वार्षिक शुल्कात 15 टक्के कपात करायला शाळांना सांगितले. 12 ऑगस्ट 2021 रोजी महाराष्ट्राने त्याच धर्तीवर 15 टक्के कपातीचा निर्णय काढला आणि तोही न्यायालयात गेला.

15 टक्के हा आकडा कसा आला यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. पेट्रोल, वीज, पाणी, देखभाल, स्टेशनरी हे वाचलेले खर्च न्यायालयापुढे होते. त्याहून महत्त्वाचे काय झाले हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. मैदान आणि लॅब यांचा वापर झाला नाही म्हणून फी कमी करायची, तर त्यांचा खर्च फीतच धरलेला होता, हे यातून मान्य झाले. जे फीत धरलेले आहे त्याचे वेगळे पैसे पुन्हा घेता येणार नाहीत, हा मुद्दा पालकांच्या हाती तिथेच होता. तो कोणी पुढे नेला नाही. शुल्क विनियमन कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने शुल्काविरुद्ध विभागीय समितीकडे जायला 25 टक्के पालकांची सही लागते, हे त्याचे एक कारण. चार मुलांच्या क्लबासाठी शाळेतला चौथा हिस्सा पालक कुठून जमवायचा?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर ही भिंतच नको म्हटले आहे. सहावी ते आठवीला वर्षातून दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. राज्याने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. हे गंभीरपणे घेतले तर क्लब हा तासिकेचाच भाग ठरतो आणि त्याचे पैसे मंजूर शुल्कात येतात किंवा घेताच येत नाहीत. आजवर बहुतेक शाळांनी पहिला भाग उचलला आहे, दुसरा नाही. क्लब वेळापत्रकात आले, पावती वेगळीच राहिली.

जूनपासूनच्या शुल्काचा प्रस्ताव सहा महिने आधी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास कार्यकारी समितीपुढे यायला हवा. क्लबांची यादी, त्यांच्या वेळा आणि प्रत्येकाचे पैसे त्या प्रस्तावात आहेत का, आणि 25 टक्क्यांतल्या मुलांची नोंदणी त्यात कशी धरली आहे, हे विचारायचा अधिकार समितीतल्या पालकांना त्याच बैठकीत असतो.