क्रुगरची विद्यार्थी सहल : आधी जन्मदाखला, मग दुर्बीण

पालकांसाठी माहितीपत्रक (मे महिन्याची तुकडी)

नोंदणी सुरू झाली की पहिला फोन हमखास "सिंह नक्की दिसतो ना हो?" असा येतो. क्रुगर या दक्षिण आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात चार रात्री काढल्या तर सहसा दिसतो. लेखी हमी मात्र आम्ही देत नाही, सिंह आमच्या पगारावर नाहीत. दुसरा फोन कागदपत्रांचा असतो आणि तो नेहमी उशिरा येतो. हे पत्रक मुख्यतः त्या दुसऱ्या फोनसाठी छापलं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिका कडक देश आहे. मुलांची चोरटी वाहतूक रोखायला तिथल्या सरकारनं 2015 साली नियम आणला: 18 वर्षांखालचं मूल देशात येणार असेल तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला हवा. 2019 मध्ये आई-वडिलांसोबत येणाऱ्या परदेशी मुलांसाठी हा नियम बराच सैल झाला. आपली मुलं जातात शिक्षकांबरोबर, म्हणजे त्या सवलतीचा आपल्याला उपयोग नाही. जन्मदाखला, आई आणि वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतीपत्र, दोघांच्या पासपोर्टच्या किंवा ओळखपत्राच्या प्रती आणि संपर्काचे नंबर, हे सगळं व्हिसाच्या अर्जालाही लागतं आणि प्रवासात मुलाच्या पाठपिशवीतही. पहिल्यांदा ते मागतो मुंबईत बोर्डिंग पास देणारा माणूस, कारण अपुऱ्या कागदांचा प्रवासी तिकडे नेला तर भुर्दंड विमान कंपनीला पडतो.

बोनाफाइड, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार कार्ड, हॉस्पिटलचं कार्ड, यांतलं काहीही जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. "शाळेत तर चाललं होतं," असं पुष्कळजण सांगतात. चाललं असेल. शाळेतल्या बाई तुम्हाला ओळखत होत्या.

आता कपाटातून दाखला काढा आणि खरोखर वाचा

लॅमिनेट केलेला असतो, म्हणून आपण तो वाचत नाही. बाळाच्या नावाचा रकाना बघा. दर तुकडीत दोन-तीन दाखल्यांवर तिथे नुसती आडवी रेघ निघते. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. हॉस्पिटल ती लगेच देऊन मोकळं होतं आणि बारसं नंतर होतं. नाव ठेवलं जातं, पेढे वाटले जातात, पण नगरपालिकेला ते कुणी कळवत नाही. नाव नंतर घालून मिळतं, त्याला जन्मनोंदणीपासून 15 वर्षांची मुदत असते. आपल्या सहलीला येतात नववी-दहावीची मुलं. म्हणजे बरोबर काठावर.

आणि हे काम होतं फक्त जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मूल वाढलं नाशिकला, नोंद आहे अकोल्याला नाहीतर लातूरला. बाबांनी एक रजा काढून जायचं, साहेब मीटिंगला गेलेले असायचे, मग दुसरी रजा. मामा त्याच गावात असेल तर आधी मामाला फोन करा, तोच सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी भानगड आईच्या नावाची. दाखल्यावर आई 'सुनीता', पासपोर्टवर 'मधुरा', कारण लग्नात नाव बदललं. किंवा दाखल्यावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं, कारण नोकरीची कागदपत्रं त्याच नावाची. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. व्हिसाचा अर्ज तपासणाऱ्याला मात्र दोन वेगळ्या बायका दिसतात: एकीनं मुलाला जन्म दिला आणि दुसरीच संमती देते आहे. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर उत्तम. नसेल तर लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. मसुदा आम्ही देतो.

तिसरं, स्पेलिंग. दाखल्यावर इंग्रजीत एक 'ए', पासपोर्टवर दोन. हे छोटं वाटतं, पण आधी सांगा. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर द्विभाषिक प्रत काढून घ्या. जिथे आई किंवा वडील एकटेच आहेत तिथे मृत्यूचा दाखला किंवा ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश लागतो. हे विचारताना आम्हालाही अवघड वाटतं, म्हणून असं काही असेल तर ऑफिसात गर्दीत न सांगता वेगळी वेळ घेऊन या.

मागे एका तुकडीत 17 मुलांचे कागद तयार होते आणि एका मुलीच्या दाखल्यावर नाव नव्हतं. वडील फोनवर तीन आठवडे "झालंच आहे, उद्या देतो," म्हणत होते. खरा प्रकार कळला तेव्हा मुंबईला अर्ज द्यायला नऊ दिवस उरले होते. नाव लागलं, दाखला आला, पण सगळ्या तुकडीचा अर्ज त्यासाठी थांबला आणि धरून ठेवलेलं तिकीट सुटून दुसरं जास्त भावानं घ्यावं लागलं. तो फरक आम्ही सोसला. पुढच्या वेळी सोसणार नाही, म्हणून नोंदणी फॉर्मवर आता तशी ओळ छापली आहे.

"मग बाकीच्या मुलांचे अर्ज आधी का नाही दिले?" हा प्रश्न तेव्हाही आला. सगळ्यांचं विमान एक, मुक्काम एक, सोबतचे शिक्षक तेच. वेगवेगळे अर्ज गेले आणि एखादा अडकला, तर 17 मुलं निघाली आणि एक घरी, असं होतं. त्या एका घरी फोन करायची पाळी आमच्यावर येते. म्हणून आम्ही 90 दिवस आधी कागद मागतो. फक्त संमतीपत्र घाईनं करून ठेवू नका, ते प्रवासाच्या जवळच्या तारखेचं लागतं, आम्ही सांगू तेव्हाच नोटरीकडे जा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं मात्र आत्ताच मोजा.

तिकीट नेटवर स्वस्त दिसतं त्याबद्दल

दिसतं, मान्य. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे पुष्कळदा कमी पैशांत जाता येतं. पण इथियोपिया आणि केनिया पीतज्वराची (यलो फीव्हरची) जोखीम असलेल्या यादीतले देश आहेत. तिथल्या विमानतळावर 12 तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लसीचं कार्ड मागते. परत येताना भारतातही विचारणा होऊ शकते, आणि जिथे कार्ड लागतं तिथे ते नसलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लागू होतं दहा दिवसांनी. मधलं विमान रद्द होऊन मुक्काम लांबणं ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही. 18 मुलांना घेऊन आम्हाला तो जुगार खेळायचा नाही, म्हणून आम्ही आखाती मार्गानंच नेतो. स्वतःच्या कुटुंबासाठी स्वस्त तिकीट काढायचं असेल तर जरूर काढा, लस घेऊन.

आठ दिवसांत केपटाउन का नाही?

हा प्रश्न येतो तो नकाशात जवळ दिसतं म्हणून. जोहान्सबर्गपासून केपटाउन रस्त्यानं साधारण 1400 किलोमीटर आहे. व्हिक्टोरिया धबधबा तर दुसऱ्याच देशात. म्हणजे आणखी एक व्हिसा, आणि परतताना दक्षिण आफ्रिकेत पुन्हा शिरायचं तर तिथला व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. क्रुगर एकटंच साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, अख्ख्या नाशिक जिल्ह्यापेक्षा मोठं. ते एका दिवसात "करून टाकणं" म्हणजे गेटाचा फोटो काढून परत येणं.

पहिल्या दोन रात्री आम्ही पिलान्सबर्ग या दुसऱ्या, लहान राष्ट्रीय उद्यानात ठेवतो, यावरही तक्रार असते. तो भाग मलेरियामुक्त आहे, विमानतळाहून अडीच-तीन तासांवर आहे, आणि एका फार जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीच्या गोल डोंगररांगांमध्ये वसलेला आहे, त्यामुळे भूगोलाचे सर खूश असतात. शिवाय तिथली हत्तींची हकिगत मुलांनी त्याच जागेवर ऐकावी असं आम्हाला वाटतं. क्रुगरमध्ये पूर्वी हत्तींची संख्या कमी करायला कळप मारले जात, तेव्हा अनाथ झालेली पिल्लं इथे आणून सोडली. ती वाढली, माजावर आली, आणि 1990 च्या दशकात त्यांनी 40 हून अधिक पांढरे गेंडे मारले. शेवटी 1998 मध्ये क्रुगरमधून सहा मोठे, वयस्क नर आणले. त्यांच्या धाकात पोरं आली आणि गेंडे मरायचे थांबले. दर नऊ मुलांमागे एक शिक्षक का, असं विचारणाऱ्या मुलांना आम्ही एवढीच गोष्ट सांगतो.

क्रुगरमध्ये मलेरियाची जोखीम आहे, मे महिन्यात कमी असली तरी आहे. गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना निघण्याच्या महिनाभर आधी विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्या आणि मोजे सक्तीचे.

थंडी, आणि इतर किरकोळ

"आफ्रिकेत मे महिन्यात स्वेटर?" हो. तिकडे तेव्हा हिवाळ्याचं तोंड असतं. पहाटे सहाला क्रुगरचं गेट उघडतं आणि आमच्या उघड्या गाड्या त्याआधीच रांगेत असतात. पारा 10 अंशांच्या आसपास आणि वर गाडीचा वारा. निफाडची डिसेंबरची पहाट आठवा आणि ती मोटरसायकलवर काढायची आहे असं समजा. कानटोपी, हातमोजे, जाड जॅकेट. दहा वाजता हे सगळं काढून मुलं टी-शर्टवर येतात, म्हणून कपडे एकावर एक घालायचे. हाच कोरडा काळ जनावरं बघायला चांगला: गवत बसत चाललेलं असतं आणि पाण्याच्या जागा कमी होत जातात, मग जनावरं तिथेच येतात.

गाडीत उभं राहायचं नाही. गाडी आणि आतली माणसं मिळून जनावराला एकच मोठी आकृती दिसते. त्यातून एक डोकं आणि सेल्फीचा हात वर निघाला की ती आकृती मोडते. एकदा सिंहीण रस्त्यात निवांत पडली होती, मागच्या सीटवरचा एक मुलगा उठला, आणि तिनं नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो जो खाली बसला तो नाश्त्यापर्यंत बोलला नाही.

गेंड्याला शिंग नसलं तर नवल करू नका. चोरट्या शिकाऱ्यांच्या भीतीनं तिथलेच लोक ते भूल देऊन कापतात. नखासारखंच असतं, पुन्हा वाढतं, पुन्हा कापतात. गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण टाकायचं नाही आणि फोनचं लोकेशन बंद ठेवायचं, हे आम्ही मुलांकडून लिहून घेतो.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाराची सोय होते. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, 'पाप' म्हणतात तिला, आणि सोबत 'चकालाका' नावाची तिखट भाजी, ही आपल्या मुलांना आवडते. पहाटेच्या कॉफीबरोबर रस्क मिळतो, आपल्या टोस्टाचा दणकट भाऊ. चिवडा द्या, पण पुडा उघडा ठेवू नका: वर्वेट माकडं सहलीच्या बाकावरून ती अख्खी पिशवी नेतात, चेन उघडून. ताजी फळं, दुधाचे पदार्थ आणि बिया मात्र देऊ नका.

चार्जरसाठी महागडा अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. तिथलं सॉकेट आपल्या गिझरच्या मोठ्या तीन गोल पिनांसारखंच असतं. आपल्याकडे मिळणारा 15 अँपियरचा साधा जोड चालतो.

दर वेळी 18 मुलं, दोन शिक्षक, दहा-दहा आसनांच्या दोन गाड्या. यापेक्षा मोठी तुकडी आम्ही घेत नाही, म्हणून दर माणशी खर्च थोडा जास्त येतो. दुर्बिणी आमच्याकडून, दोघांत एक, भाडं नाही.

नोंदणी करायची की नाही हे ठरलं नसलं तरी जन्मदाखला, मुलाचा आणि आईचा पासपोर्ट घेऊन एकदा ऑफिसात या. तपासून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. मूळ प्रती आणा, मोबाइलवरच्या फोटोत शिक्का वाचता येत नाही. लॅमिनेशन फाडू नका, आहे तसाच आणा.