अठ्ठेचाळिसावी पिशवी कुणी ठरवायची?

काही दिवसांपूर्वी एका कार्यालयात माझा अर्ज नामंजूर झाला. कारण विचारलं तर खिडकीपलीकडच्या बाई अगदी अजिजीने म्हणाल्या, "मी नाही हो, सिस्टिमच नाही म्हणतेय." त्या खोटं बोलत नव्हत्या. स्क्रीन वळवून दाखवली त्यांनी. लाल अक्षरांत एक शब्द आणि त्याखाली 'पुढे' असं बटण, बस्स. नकार कुठल्या माहितीवरून आला, एखादा आकडा वेगळा असता तर काय झालं असतं, हे विचारायची सोयच त्या पडद्यावर नव्हती. आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअरचं नाव झळकत होतं: 'डिसिजन सपोर्ट सिस्टिम'. म्हणजे निर्णयाला मदत करणारी प्रणाली.

मदत नक्की कुणाला झाली, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. हा लेख त्या चिडचिडीतूनच सुटला आहे.

डिसिजन सपोर्ट सिस्टिम, म्हणजे डीएसएस, हे नाव अर्ध्या शतकाहून जुनं आहे. १९७१ साली ॲंथनी गोरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी एका लेखात संस्थांमधल्या निर्णयांची वर्गवारी मांडली. त्यामागची मूळ कल्पना माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांची. काही निर्णय साचेबद्ध असतात, काहींना साचाच नसतो. पगाराचा हिशेब साचेबद्ध: सूत्र ठरलेलं आहे, आकडे घाला, उत्तर घ्या. तिथे माणसाने लुडबूड करू नये. पुढची दहा वर्षं कोणत्या विषयावर संशोधन करायचं, हा दुसऱ्या टोकाचा निर्णय. त्याला सूत्र नाही. या दोन टोकांच्या मध्ये बराच मोठा पट्टा आहे, जिथे प्रश्नाचा काही भाग गणितात बसतो आणि काही काही केल्या बसत नाही. डीएसएस ही या मधल्या पट्ट्याची रहिवासी. व्याख्या पुस्तकागणिक बदलते, पण गाभा हाच: अर्धवट साचेबद्ध निर्णय घेताना माणसाला माहिती आणि गणिती मॉडेल स्वतः हाताळू देणारी संवादी संगणक प्रणाली. त्यातले 'माणसाला' आणि 'संवादी' हे दोन शब्द काढून टाका, उरेल ते खिडकीपलीकडचं यंत्र.

रचनेचं चित्र १९८२ साली स्प्रेग आणि कार्लसन यांनी काढलं, ते अजून पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. एका बाजूला माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस. दुसऱ्या बाजूला मॉडेलांचा साठा: अंदाज बांधणारी सूत्रं, खर्च-फायद्याची गणितं, वेळापत्रकं लावणाऱ्या पद्धती. आणि या दोन्हींच्या पुढे संवादाचा भाग, म्हणजे माणूस जिथून प्रश्न विचारतो ती जागा. पुढे अनेकांनी नियम आणि अनुभव साठवणारा ज्ञानसाठा चौथा म्हणून जोडला. तीन चौकोन, चार बाण, परीक्षेत पाच गुण. चित्र बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. चौकोनांच्या आत काय हलतं ते बघायला एक उदाहरण लागेल. माझं आवडतं उदाहरण प्लेटलेट्सचं.

रक्त गोठायला मदत करणाऱ्या या पेशी कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्यांना वारंवार लागतात. रक्तपेढीत त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलक्या हाताने हलवत ठेवतात, आणि बहुतेक ठिकाणी पाच दिवसांनंतर टाकून द्याव्या लागतात. लाल पेशी आठवडेच्या आठवडे राहतात, प्लेटलेट्स नाहीत. आता प्रश्न असा: पुढच्या पाच दिवसांसाठी किती पिशव्या मागवायच्या? जास्त मागवल्या तर दात्यांनी दिलेलं वाया जाणार. कमी मागवल्या तर ऐनवेळी कुणाची तरी अडचण होणार.

सोपं व्हावं म्हणून मानू या, की पाच दिवसांतून एकदाच साठा येतो आणि उरलेलं सगळं टाकावं लागतं. आकडेही माझ्या मनचे: जुन्या नोंदींनुसार दर पाच दिवसांत सरासरी ४० पिशव्या लागतात आणि प्रमाण विचलन (गरज सरासरीपासून किती इकडेतिकडे होते त्याचं माप) ६ आहे, म्हणजे साधारण तीनपैकी दोन वेळा गरज ३४ ते ४६ मध्ये राहते, एरवी त्याबाहेर जाते. हा झाला डेटाबेसचा भाग. सरासरी ४० आहे तर ४० मागवा, असं म्हणणारा माणूस जवळजवळ दर दुसऱ्या वेळी तोंडघशी पडेल.

आता मॉडेल. सगळ्या पिशव्यांचा एकदम विचार करू नका, एकच पिशवी डोळ्यांसमोर आणा: सत्तेचाळीस मागवून झाल्यात, अठ्ठेचाळिसावी मागवायची का? ती वापरली जाण्याची शक्यता 'प' मानू. एक पिशवी वाया जाण्याचं नुकसान १ धरलं, तर एक पिशवी कमी पडण्याचं नुकसान किती? समजा ९. अठ्ठेचाळिसावी वापरली गेली तर ९ वाचले, वापरली गेली नाही तर १ गेला. म्हणून ९ × प हे १ × (१ − प) पेक्षा मोठं असेल तोवर मागवत राहायचं. गणित सोडवलं की 'प' एक दशांशाहून मोठा हवा एवढंच उरतं. दुसऱ्या शब्दांत, शंभरपैकी नव्वद वेळा पुरेल एवढा साठा ठेवा. तो ९० टक्क्यांचा आकडा ९ ÷ (९ + १) मधून आला. घंटेच्या आकाराच्या वक्रावर ९० टक्क्यांची रेघ सरासरीपासून १.२८ प्रमाण विचलनं पुढे असते: ४० + १.२८ × ६, म्हणजे ४७.७. मागवा ४८.

हे गणित पेपर विकणाऱ्या पोराचं गणित म्हणून ओळखलं जातं (संध्याकाळी उरलेला पेपर रद्दीच), आणि त्याचं मूळ १८८८ पर्यंत मागे जातं. बँकेने हाताशी किती रोकड ठेवावी, हे एजवर्थ नावाच्या अर्थतज्ज्ञाने याच वाटेने काढलं होतं. संगणकाचा पत्ताही नव्हता तेव्हा.

मग डीएसएसने नवीन काय केलं? तो ९ बघा. तो कुठून आला? डेटाबेसमध्ये तो नाही आणि कुठल्याही सूत्रातून तो निघत नाही. एक पिशवी कमी पडणं हे वाया जाण्यापेक्षा किती पट वाईट, हे कुणीतरी माणसाने ठरवायचं असतं. प्रश्नाचा गणितात न बसणारा अर्धा भाग तो हाच. उपचार करणारे डॉक्टर म्हणतील १९ धरा. साठा सांभाळणारे म्हणतील ४ पुरे, वाया गेलेल्या पिशव्यांचा जाब आम्हाला विचारतात. बैठक तास-दोन तास सहज चालेल.

आता संवादाच्या पडद्यावर त्या आकड्याची सरकपट्टी ठेवा आणि सरकवा. ४ धरलं तर उत्तर ४५. ९ धरलं तर ४८. १९ धरलं तर ५०. अगदी ९९ धरलं तरी ५४. चार आणि एकोणीस यांच्यात जवळजवळ पाचपटीचं अंतर, आणि पिशव्यांत फरक फक्त पाचाचा! जरा थांबून आता दुसरी पट्टी सरकवू, प्रमाण विचलनाची. ९ तसाच ठेवून ६ चे १२ केले तर उत्तर ४८ वरून ५५ वर जातं. ६ चे ३ केले तर ४४ वर येतं. म्हणजे ज्या आकड्यावर बैठकीत आवाज चढला होता, त्याने उत्तर फारसं हलत नाही. ज्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्याने हलतं. पुढच्या पाच दिवसांत कुणाकुणाची केमोथेरपी ठरली आहे ती यादी आधी मिळाली, तर अंदाजातली अनिश्चितता कमी होते आणि दोन्ही पक्षांचं एकदम भलं होतं: कमी वाया, कमी तुटवडा. भांडण ९ की १९ यावर न करता यादी वेळेवर का मिळत नाही यावर करायला हवं होतं.

या प्रकाराला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात, आणि माझ्या मते डीएसएसचा खरा जीव यातच आहे. ४८ हे उत्तर कागद-पेन्सिलीनेही निघतं. ते कशाने हलतं आणि कशाने हलत नाही, हे पाहायला शंभर वेळा तेच गणित करावं लागतं, आणि तेवढा धीर माणसाला नसतो. (खऱ्या रक्तपेढीत रोज नवा साठा येतो, प्रत्येक पिशवीचं वय वेगळं, रक्तगटांची भानगड वेगळी. मॉडेल तिथे बरंच जाडजूड होतं, सरकपट्ट्या मात्र तशाच कामाला येतात.)

'असं केलं तर काय होईल' हा प्रश्न सर्वसामान्यांच्या टेबलावर आणला तो स्प्रेडशीटने. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी पाहिलं, की प्राध्यापक फळ्यावर आर्थिक हिशेब मांडतात आणि एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहितात. फळा स्वतःच बदलला तर? बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्यांनी बनवलेलं व्हिझीकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ साली ॲपल २ या संगणकावर आलं. तुमच्या लॅपटॉपवरची साधी एक्सेलची फाइलही डीएसएस असू शकते. तिच्यात डेटा आहे, सूत्रं आहेत आणि हवा तो आकडा बदलून पाहायची मुभा आहे.

उलट, हल्ली ज्याला त्याला 'एआय' चिकटवून विकतात, त्यातल्या कितीतरी वस्तूंना ही मुभाच नसते. आणि संगणकावर काढलेली पत्रिका तर या रचनेचा झकास नमुना आहे. ग्रहांची स्थानं अचूक, कारण ती खगोलशास्त्रातून येतात. पडदा देखणा. फक्त मधला मॉडेलचा चौकोन तपासून पाहिला तर त्यात शनीची साडेसाती बसलेली! दोन चौकोन चोख असले की तिसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि छापील कागदामुळे त्यालाही उगाच वजन येतं.

संवाद बिघडला की काय होतं याचा अनुभव वैद्यकात भरपूर आहे. औषध लिहून देताना संगणक धोक्याच्या सूचना दाखवतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं, की डॉक्टर अशा ४९ ते ९६ टक्के सूचना बाजूला सारतात. त्यांना बेफिकीर म्हणण्याआधी आठवून पाहा, आपण स्वतः किती 'ओके' न वाचता दाबतो. क्षुल्लक आणि गंभीर सूचना एकाच आवाजात ओरडू लागल्या की कान बंद होतात. दुसरीकडे यंत्राचं म्हणणं डोळे मिटून मान्य करणारेही आहेतच, माझ्या खिडकीवरच्या बाईंसारखे, आणि त्यांच्यापुढे तरी दुसरा पर्याय कुठे होता?

म्हणून चांगल्या प्रणालीत एक बारीकशी सोय ठेवतात. सल्ला डावलता येतो, पण डावलताना कारणाची एक ओळ लिहावी लागते. प्रणाली म्हणते ४८, रक्तपेढीचा माणूस मागवतो ५६ आणि लिहितो: 'अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे दोन रुग्ण दाखल.' सहा महिन्यांनी त्या ओळी एकत्र वाचल्या की दिसतं, अर्ध्याअधिक वेळा कारण हेच आहे. मग डेटाबेसमध्ये एक नवा रकाना उघडतात, 'प्रत्यारोपणाचे रुग्ण', आणि पुढच्या वेळी ५६ हा आकडा पडद्यावर आपणहून येतो.