‘स्नायू’चा गुंता आणि त्यामागची ‘पेशी’

मराठी शाळेतून दहावी झालेलं सोलापूरचं पोर ‘पेशी’ म्हणजे सेल आणि ‘स्नायू’ म्हणजे मसल हे पक्कं पाठ करून आलेलं असतं. तेच पोर पुढे आयुर्वेदाला गेलं, की पहिल्याच वर्षी शारीराच्या, म्हणजे शरीररचनेच्या, तासाला ऐकतं: पेशी म्हणजे मसल आणि स्नायू म्हणजे सांधा बांधून धरणारा बंध, लिगामेंट. सोलापुरातल्या १९६३ सालच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे वर्गात ही अडचण येत नाही. ती येते ओपीडीत, रुग्णाला मराठीत समजावून सांगताना.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू, ५०० पेशी आणि ७०० शिरा मोजल्या आहेत. अनेक बंधनांनी आवळलेली फळ्यांची नाव जशी पाण्यावर भार पेलते, तसा स्नायूंनी सांधे बांधलेला माणूस भार पेलतो, असा दृष्टान्त तिथे आहे. मात्र तिथला स्नायू म्हणजे आजचं लिगामेंटच, असं म्हणणंही घाईचं. स्नायूंच्या चार प्रकारांतला ‘सुषिर’ हा प्रकार आमाशय (जठर), पक्वाशय (मोठं आतडं) आणि बस्ती (मूत्राशय) यांच्याशी जोडलेला आहे. तिथे आजचं शारीरशास्त्र मसलच दाखवतं.

हा शब्द जुन्या काळापासून सरकतो आहे. संस्कृत ‘स्नायु’, ‘स्नावन्’ आणि ग्रीक ‘न्यूरॉन’ एकाच कुळातले. ग्रीकांच्या न्यूरॉनचाही मूळ अर्थ कंडरा, म्हणजे मसल हाडाला जोडणारी दोरी (टेंडन), असाच होता; नर्व्ह (मज्जातंतू) हा नंतरचा. बंगालीत ‘स्नायू’ म्हणजे नर्व्ह, गुजरातीत आणि कन्नडमध्ये मसल. बंगालीतून मराठीत आणलेल्या मजकुरात ‘स्नायूंचा आजार’ दिसला, तर आजार मेंदूकडून येणाऱ्या तारांचा की मांसाचा, हे ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मुख्य मुद्दा. मराठीतल्या घोळाचं खापर नेहमी ‘स्नायू’वर फुटतं. माझ्या मते गाठ बसली ती ‘पेशी’पाशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्कृतात लिहिल्या गेलेल्या एका नव्या शारीरग्रंथाने मसलला पेशी, लिगामेंटला स्नायू, टेंडनला कंडरा ही वाटणी चालवली. हिंदीच्या परिभाषेनेही तीच धरली आणि सेलसाठी ‘कोशिका’ वापरली. मराठी शालेय पुस्तकांनी सेलला ‘पेशी’ म्हटलं. पेशी तिकडे गेली की मसलला दुसरं नाव लागणारच. ते ‘स्नायू’ झालं. मग लिगामेंट उघड्यावर पडलं. त्याला कुठे अस्थिबंध, कुठे अस्थिबंधन, कुठे बंधस्नायू अशी नावं मिळाली, आणि टेंडनला कंडरा सोडून ‘स्नायूरज्जू’. एक खुर्ची हलवली आणि सगळी पंगत सरकली. १९६० नंतर राज्याचं परिभाषेचं काम सुरू झालं तेव्हा हे सावरता आलं असतं. मराठी विश्वकोशाने ‘कोशिका’ आणि ‘तंत्रिका’ घेतलेही, पण क्रमिक पुस्तकं पेशीवरच राहिली. नर्व्ह तर मज्जातंतूवरून चेतातंतूवर गेली. आज एका विषयावर दोन सरकारी मराठी पानं शेजारी ठेवली, तर शब्द जुळत नाहीत. शाळेच्या पुस्तकाचा शब्द घराघरांत पोचतो, म्हणून मी त्या निर्णयाला जास्त जबाबदार धरतो.

सोलापुरात याला आणखी पदर आहेत. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मसलला ‘कंडरं’ म्हणतात. मराठी पुस्तकातली कंडरा मात्र टेंडन. कन्नड घरातल्या माणसाला ‘स्नायू’ बरोबर कळतो. बोलीत तर ‘शीर’ सगळ्याला पुरते: हातावर फुगते ती शीर, मानेत आखडते ती शीर, कमरेत दबते तीही शीर. सुश्रुताची सिरा रस-रक्त वाहणारी, कमरेत दबते ती नर्व्ह. आणि डेंगीच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की कुणालाही प्लेटलेटच कळतात. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांच्या तोंडी हिंदीतून ‘मांसपेशी’ आली आहे. नकळत ती जुन्या अर्थाकडे परतलेली आहे.

मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, तेव्हा बहुतेक संज्ञा इंग्रजीच ठेवून फक्त लिपी देवनागरी केली होती. महाराष्ट्रातही त्याच सुमारास मराठी वैद्यकीय शिक्षणाची घोषणा झाली. मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मसलपासून सुरुवात करू नये. आधी सेलचं नाव ठरवावं आणि लिगामेंटला नुसतं ‘बंध’ म्हणावं. गुडघ्याचा बंध तुटला, हे सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराला तर्जुमा न करता कळतं.