मेलिफाँट मठ

मेलिफाँट मठ : सिस्टर्शियन या कॅथलिक मठवासी संघाचा आयर्लंडमधील पहिला मठ. लाउथ परगण्यात, द्रॉहेडा शहराच्या वायव्येस, मॅटक या छोट्या नदीकाठी त्याचे अवशेष आहेत. स्थापना 1142.

आर्माचे आर्चबिशप राहिलेले संत मलाकी रोमला जाताना फ्रान्समधील क्लेर्व्हो या सिस्टर्शियन मठात थांबले. तिथले मठाधिपती संत बर्नार्ड यांच्या शिस्तीने ते इतके भारावले, की आपल्या काही सोबत्यांना त्यांनी शिकण्यासाठी तिथेच ठेवले. पुढे ही मंडळी काही फ्रेंच मठवाशांसह आयर्लंडला आली. जमीन ओरिएल या तिथल्या राज्याचा राजा दोनखा ओ कॅरोल याने दिली आणि बांधकामाचा जाणकार म्हणून बर्नार्डनी रॉबर्ट नावाचा मठवासी पाठवला. मात्र फ्रेंच आणि आयरिश मंडळींचे जमले नाही; फ्रेंच थोड्याच काळात परतले. पुढच्या शतकात जे घडले त्याची ही नांदीच म्हणायला हवी.

तरीही मठ झपाट्याने वाढला. 1147 मध्ये बेक्टिव्ह, 1148 मध्ये बाल्टिंग्लास असे उपमठ निघत गेले आणि काही दशकांत हा परिवार विसाच्या वर गेला. 1152 च्या केल्स-मेलिफाँट धर्मसभेने आयरिश चर्चचे चार आर्चबिशपांमध्ये विभाजन पक्के केले. 1157 मध्ये नव्या चर्चचे पवित्रीकरण झाले, तेव्हा सर्वोच्च राजा मुर्खर्ताख मॅक लॉखलिन याने 160 गाई आणि 60 औंस सोने दिले. तेवढेच सोने आणि त्याशिवाय सोन्याचा चषक व नऊ वेद्यांसाठी वस्त्रे देर्वोर्गिला या राणीने अर्पण केली. लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याने 1152 मध्ये जिला पळवून नेले होते, ती हीच. पुढे पदच्युत झालेल्या डर्मटने इंग्लंडमधून अँग्लो-नॉर्मन सरदारांची मदत आणली. देर्वोर्गिलाचा मृत्यू 1193 मध्ये याच मठात झाला.

नॉर्मन आल्यावर संघातही दोन तट पडले. 1216 मध्ये संघाकडून तपासणीसाठी आलेल्यांना मेलिफाँटच्या फाटकावरच अडवण्यात आले. उपमठांतही अशीच अवज्ञा झाली. संघाच्या इतिहासात याला ‘मेलिफाँटचा कट’ म्हणतात, पण हे नाव एका बाजूनेच दिलेले आहे. शिस्त ढिली झाली होती हे खरे. पण परक्या सत्तेच्या माणसांनी येऊन आपला हिशेब मागावा, याचा रागही त्यात तितकाच होता. 1228 मध्ये इंग्रज मठाधिपती स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन यांनी तपासणी केली. त्यांनी मेलिफाँटचे उपमठ काढून क्लेर्व्होच्या आणि इंग्लंड-वेल्समधील मठांच्या हाताखाली दिले. त्याचबरोबर फ्रेंच किंवा लॅटिन येत नसेल त्याला मठात प्रवेश नाही, असाही नियम केला. आयरिशखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या तरुणाला आयर्लंडमधल्याच मठाचे दार बंद झाले. शिस्तीच्या नावाखाली केलेला हा अन्यायच होता. उपमठ मेलिफाँटला 1274 मध्ये परत मिळाले.

आज सर्वांत लक्ष वेधून घेते ते हात धुण्याचे अष्टकोनी दालन. साधारण 1200 च्या सुमाराचे हे दालन भोजनगृहाच्या दारासमोर आहे. जेवणापूर्वी मठवासी इथे हात धुवत. आठपैकी चार बाजू उभ्या आहेत. गोल कमानी आणि स्तंभशीर्षांवरची पाने यांची कारागिरी इतकी नाजूक, की साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या संघाने ती करवली याचे नवल वाटते. चर्चच्या भिंती मात्र पायापर्यंत खाली आल्या आहेत. उत्खननात पहिल्या चर्चचा पाया सापडला. आडव्या दालनांतल्या उपासनागृहांपैकी काही गोल, काही चौकोनी निघाली. संघाच्या नेहमीच्या आराखड्यात ही सरमिसळ आढळत नाही.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मठ बंद करण्याच्या धोरणानुसार 1539 मध्ये हा मठ बरखास्त झाला. नंतर तो मूर घराण्याकडे गेला आणि त्याचे तटबंदीचे घर झाले. आयरिश सरदारांनी इंग्रज सत्तेविरुद्ध लढलेल्या ‘नऊ वर्षांच्या युद्धा’चा शेवटही इथेच झाला. 30 मार्च 1603 रोजी त्यांचा नेता ह्यू ओ’नील इंग्रज सेनानी माउंटजॉयपुढे शरण आला. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते ठाऊक होते, ओ’नीलला नव्हते.

मूर घराणे गेल्यावर वास्तू ओस पडली. 1938 मध्ये सिस्टर्शियन मठवाशांनी जवळच्या कॉलन गावात ‘न्यू मेलिफाँट’ मठ सुरू केला. जुने अवशेष आता राष्ट्रीय स्मारक असून आयर्लंड सरकारच्या देखरेखीखाली आहेत.